बापूंचं नाक

६ जुलै १९९३

पार्सल आलं एकदाचं. हैदराबादहून निघून आठवडाभर कुठं हिंडत होतं देव जाणे. डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालं होतं, पण आतली कुपी शाबूत. तळाशी पांढरी पूड, नखावर मावेल इतकी. शिपाई म्हणाला, "मॅडम, एवढ्याशासाठी एवढा मोठा डबा?" मी म्हटलं, हळू बोल, उडून जाईल.

माणसाच्या नाकात, अगदी वर छताला, वासाच्या पेशी असतात आणि त्यांच्यावर वास पकडणारी प्रथिनं. ती सापडल्याचं अमेरिकेतल्या मंडळींनी दोन वर्षांपूर्वी छापलं. त्या प्रथिनातल्या एका तुकड्याची नक्कल म्हणजे ही पूड. ती सशाला टोचायची. सशाचं रक्त तिला परकी समजून तिला घट्ट धरणारी अँटिबॉडी तयार करणार. ती काढून घ्यायची आणि नाकाच्या पातळ कापावर सोडायची. जिथं प्रथिन असेल तिथं ती चिकटेल आणि तिथं तपकिरी रंग उठेल. प्रथिन नसेल तर रंग नाही. सांगायला इतकं सोपं. विभागप्रमुख म्हणाले, "इथं कॉलेजात नळाला पाणी नाही आणि तुम्ही निघालात माणसाचं नाक तपासायला." म्हणू देत. पाणी मी घरून आणीन.

ससे तीन आहेत. कॉलेजच्या प्राणीघरात त्यांना कडूबाई सांभाळते. मी त्यांना नंबर दिलेत, तिनं नावं ठेवलीत. ते तिच्याच हाकेला येतात.

घरी येऊन बापूंना सगळं सांगितलं. बापू म्हणजे माझे वडील, व्यंकटराव. सेलूच्या बाजारात जन्मभर तुपाची दलाली केली. थेंबभर तूप हातावर चोळून हुंगायचे आणि सांगायचे, म्हशीचं हाय, मागच्या हप्त्यातलं हाय, अन् कढवताना बाईचं ध्यान चुलीकडं नव्हतं. त्यांच्या नाकावर व्यापारी डबेच्या डबे उचलायचे. आई गेल्यावर मी त्यांना परभणीला माझ्याकडं आणलं. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळं कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता.

सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे सशाच्या रगतानं माणसाचं नाक बघायचं?"

"हो."

"मग सशाचंच नाक बसवा की माणसाला. हलतं तरी छान."

दोघं खूप हसलो.

११ जुलै

सेलूचे आबासाहेब आले होते, बापूंचे जुने व्यापारी. सोबत तुपाचा नमुना. बाजारात आता दुसरे दलाल आहेत, पण मोठा सौदा असला की अजून बापूंचा शब्द लागतो. बापूंनी तूप हातावर चोळलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. आबासाहेब वाट बघत बसले. बापू म्हणाले, "चांगलं हाय." आबासाहेब म्हणाले, "चांगलं म्हंजे कसलं, गाईचं का म्हशीचं?" बापू चिडले, "चांगलं हाय म्हणलं ना!"

आबासाहेब गेल्यावर बापू हाताकडं बघत बसून राहिले. मी विचारलं, वास आला नाही का? तर म्हणाले, "येईना."

लगेच पाच शिश्या मांडल्या: हिंग, कापूर, रॉकेल, वेलदोडा, तूप. त्यांना डोळे मिटायला लावले आणि एकेक नाकाखाली धरून विचारत गेले, काय येतंय? हिंगाला खूप वेळ थांबले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "येईना." कापराला दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "येईना." माझ्या प्रयोगाला वैतागून नमस्कार घातला, दुसरं काय. रॉकेलला तोंड वाकडं केलं, "सार तिकडं, येईना." वेलदोड्याला म्हणाले, "नर्मदा कुठं गेली गं?" आईची आठवण मध्येच का झाली कोण जाणे. म्हातारपणी मन असं भरकटतं. तुपाला तर नुसतीच मान हलवली. मी वहीत पाचांपुढं लिहिलं: वास येत नाही.

ज्या माणसानं नाकावर घर चालवलं, मला शिकवलं, हैदराबादला पाठवलं, त्याच माणसाचं नाक गेलं. आणि मी नाकाचीच अभ्यासक. देवानं मस्करी करायची ही काय रीत?

१४ जुलै

बापूंना डॉ. पाथ्रीकरांना दाखवलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर, माझ्या कामात रस घेणारे गावातले एकमेव गृहस्थ. नाकात काही अडकलेलं नाही म्हणाले. मग मीच त्यांना सांगितलं, आणि इथंही लिहून ठेवते, कारण कालपासून मी याच एका गोष्टीला धरून आहे: नाकातल्या वासाच्या पेशी मेल्या तरी पुन्हा उगवतात. शरीरातल्या इतर मज्जापेशींना हे जमत नाही. मेंदूतल्या गेल्या की गेल्या. म्हणजे बापूंचा आजार नाकातला असेल तर नाक परत येऊ शकतं.

तो नाकातला आहे की नाही हे माझी अँटिबॉडी सांगेल. डॉक्टर नाकाच्या छतातून कणभर तुकडा काढतील. रंग उठला नाही तर पेशी गेलेल्या आहेत, आजार नाकात आहे आणि आशा आहे.

"आणि रंग उठला तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी बोट स्वतःच्या डोक्याकडं नेलं. "मग वर बघावं लागेल."

मी म्हटलं, वरचं आमच्या घराण्यात पक्कं आहे.

२२ ऑगस्ट

सुलाबाईंशी भांडण होता होता राहिलं. त्या शेजारीच राहतात, मी कॉलेजात असते तेव्हा बापूंना जेवायला घालतात, लक्ष ठेवतात. आज मी दारात पाय ठेवला तोच सुरू झाल्या.

"ताई, दूध पार जळालं. घरभर धूर, अन् बापू तितंच पाटावर बसलेले. मी पळत आले तर मलाच इचारायलेत, बाई तुमी कुणाच्या? रोज ह्या हातानं वाढते मी, अन् कुणाच्या म्हणून इचारायलेत!"

मी त्यांना समजावलं. बापू जन्मभर नाकानं जगलेले. दारात माणूस आला की तोंड बघायच्या आधी त्यांना वास कळायचा, तंबाखूचा, डोक्याच्या तेलाचा, ओल्या लुगड्याचा. आता नाकच नाही तर माणूस ओळखणार कशानं? आणि दूध जळाल्याचं तरी कळणार कसं?

सुलाबाई म्हणाल्या, "धूर तर दिसला आसंल की, ताई."

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण त्या वेळी सुचलं नाही. अजूनही सुचायचं आहे.

सशांना दुसरा डोस दिला.

२५ सप्टेंबर

महालक्ष्म्यांना किशन आला होता. माझा धाकटा भाऊ, बोरीला शेती बघतो. येताना ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा, सगळं घेऊन आला. बापू त्याला पाहून फार खूश झाले, जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बन्सीधर, बैलाचा पाय बरा हाय का?" बन्सीधर म्हणजे आमचे काका. ते वारले तेव्हा किशन पाळण्यात होता.

जेवण झाल्यावर किशन मला अंगणात घेऊन गेला.

"आक्का, नाकाचं काय न्हाई. बापूचं ध्यान चाललंय. औरंगाबादला मोठ्या डाक्टरला दाखवू."

मी म्हटलं, किशन तंतोतंत काकांसारखा दिसतो, हे सगळेच म्हणतात. त्यात विशेष काय? आणि नाकातल्या पेशींचं तुला काय कळतं?

"मला पेशी कळत न्हाईत. बाप कळतो."

"मी त्यांच्याजवळ राहते, किशन. तू सणाला येतोस."

"व्हय, तू जवळ ऱ्हातीस. पर तुला ससे दिसायलेत, बाप दिसना गेलाय."

फार लागलं. इतकं लागलं की मी त्याला म्हटलं, तू तुझी जमीन सांभाळ, बापाचं मी बघते. तो मुक्काम न करता संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्याच्या शेंगा तशाच पडल्यात. मला अजून राग आहे. भीती नाही, राग आहे.

३० सप्टेंबर

पहाटे जमीन हलली. मांडणीवरची भांडी खाली आली, सगळा मोहल्ला रस्त्यावर. मी बापूंना हाताला धरून बाहेर काढलं. दिवस उजाडल्यावर रेडिओवर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या.

दिवसभर आम्ही घराच्या ओट्यावरच होतो. बापू सारखे विचारत होते, "आपुन घरी कवा जायचं?" आज कुणाचं डोकं ठिकाणावर आहे? माझंही नाही.

२६ ऑक्टोबर

सशांच्या कानाच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताची आज परीक्षा झाली. आम्ही नापास. उंदराच्या नाकाचा काप तपकिरी झाला, मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात पाहिलं तर यकृताचा कापही तपकिरी. यकृताला कशाला वास हवाय? मग टोचण्याआधी काढून ठेवलेलं रक्त वापरून बघितलं, तर तेही सगळं रंगवून मोकळं. ही अँटिबॉडी नाही, चिखल आहे.

आणखी एक डोस द्यावा म्हणून प्राणीघरात गेले तर कडूबाई पिंजऱ्याच्या आडवी उभी राहिली. "किती टोचायलात वो मॅडम? कान बघा की त्येचा. चार रोज दम धरा." मला दम धरायला वेळ नाही हे तिला कसं सांगू? बापू आता शर्टाची बटणं उलटसुलट लावतात. बटणांचा नाकाशी संबंध नाही, हे मलाही कळतं. पण नाक गेलं की माणूस खचतो, आणि खचलेल्या माणसाचं कशातच लक्ष लागत नाही. तसंच असणार.

दम धरला. चार रोज.

१५ नोव्हेंबर

परवा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बापूंना उटणं लावलं. त्यांना आवडलं, डोळे मिटून बसले होते. आंघोळ झाली, नवे कपडे घातले, मी फराळाचं ताट करायला गेले. वळून बघते तर बापू पुन्हा पाटावर. "पाणी काढ गं, दिवाळीची आंगूळ ऱ्हायली." उटण्याचा वासच येत नाही, तर आंघोळ झाली हे कळणार कसं? पुन्हा पाणी काढलं.

तिसऱ्यांदा येऊन बसले तेव्हा मी ओरडले. सणाच्या दिवशी, वडिलांवर, शेजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं. ते ओल्या केसांनी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं बाई."

मला बाई म्हणाले. स्वयंपाकघरात जाऊन मी खूप रडले. नंतर किशनला फोन करावा म्हणून चौकातल्या बूथपर्यंत गेले आणि परत आले.

१० डिसेंबर

साधलं! साधलं! साधलं!

तीन नंबरच्या सशाचं रक्त. मी ते त्या पुडीनंच गाळून घेतलं, म्हणजे पुडीला धरणारी तेवढीच अँटिबॉडी हाती राहिली. उंदराच्या नाकाच्या कापात बरोब्बर वासाच्या पेशींच्या काठावर तपकिरी रेघ, बारीक पेनानं ओढल्यासारखी. यकृत स्वच्छ. टोचण्याआधीचं रक्त स्वच्छ. मग पाथ्रीकरांनी दिलेला माणसाचा तुकडा काढला. कुणा पेशंटचं दुसरंच ऑपरेशन होतं, त्याला विचारून त्यातला कण त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. त्याचं नाक ठणठणीत. त्यावरही तीच रेघ! विभागप्रमुखांनी स्वतः दोनदा बघितलं आणि पाण्याचा विषय काढला नाही.

कडूबाईला सांगायला पळत गेले. म्हणाली, "मग आता तरी त्येला सुट्टी द्या." दिली. तीन नंबरला आजपासून पेन्शन.

घरी आल्यावर बापूंना म्हटलं, बापू, मी जिंकले. ते आज फार छान होते. म्हणाले, "मला ठावं होतं. तुझं नाक आईवर गेलंय, पर डोस्कं माझ्यावर." बघ किशन, बघ! हा माणूस विसरतोय म्हणे.

२९ डिसेंबर

पाथ्रीकरांनी बापूंच्या नाकातला तुकडा काढला. औषध घालून नाक बधिर केलं होतं, तरी त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. एकदाही हूं का चूं केलं नाही.

त्याआधी डॉक्टर त्यांच्याशी सहज बोलावं तसं बोलत होते. कोणतं साल चाललंय, बापू? बापू हसले. म्हणाले, "साल कोणतं का आसंना, पोलीस ॲक्शन झालं म्हंजे सुटलो बघा. रजाकारानं लय बेजार केलं." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, अठ्ठेचाळीस सालचं सांगतायत, बापूंना थट्टेची सवय आहे. डॉक्टर म्हणाले, "हो का," आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

तुकडा मेणात बसवायला ठेवला. माझी आयुष्यभराची खटपट काचेवर रंग दिसावा म्हणून. या एका काचेवर रंग दिसू नये म्हणून मी आज मारुतीला नारळ बोलले. कॉलेजात कुणाला कळलं तर नोकरी जाणार नाही, पण अब्रू जाईल.

१६ जानेवारी १९९४

संक्रांतीच्या दिवशीच विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली. गावात पोलीस बंदोबस्त, कॉलेजचं फाटक बंद. बापूंचे काप आत आहेत आणि मी बाहेर. वीज गेली तर फ्रीजमधल्या अँटिबॉडीचं काय होईल या चिंतेनं आज फाटकापर्यंत जाऊन आले.

तिथं कडूबाई भेटली. नवं निळं लुगडं, कपाळाला गुलाल. माझे हात धरून म्हणाली, "सोळा वर्सं, मॅडम. एका नावासाठी सोळा वर्सं. माझ्या भावाचं घर जाळलं होतं त्या साली." बोलता बोलता रडायला लागली आणि रडता रडता हसायला. मी तिला तिळगूळ दिला आणि विचारलं, प्राणीघराच्या बाजूनं आत शिरता येईल का गं? तिनं हात सोडले. म्हणाली, "तितंबी पोलीस हाय."

घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली.

२० जानेवारी

फाटक उघडलं. वीज गेली नव्हती, अँटिबॉडी ठीक. बापूंचा काप रंगवला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

रंग आहे.

काप जाड कापला गेला असावा. उद्या पुन्हा.

२१ जानेवारी

पुन्हा केलं. पातळ काप, ताजी अँटिबॉडी, सगळं नव्यानं. शेजारी टोचण्याआधीच्या रक्ताची काच ठेवली, ती स्वच्छ, काचेसारखी काच. आणि बापूंच्या काचेवर काठाला तपकिरी रेघ. त्या ठणठणीत पेशंटसारखीच. एका जागी तर त्याहून गडद. वयाच्या मानानं इतकं भरलेलं नाक मी पुस्तकातही पाहिलेलं नाही.

विभागप्रमुखांनी खांद्यावरून वाकून बघितलं. म्हणाले, "वा! मॅडम, हाच फोटो छापा." त्यांना माहीत नव्हतं ते कुणाचं नाक आहे. मी हो म्हटलं. काम खरोखर सुंदर झालं आहे. कुणीही चूक काढू शकणार नाही. मीही नाही काढू शकले, आणि मी दिवसभर तेवढंच केलं.

२३ जानेवारी

आज त्याच पाच शिश्या पुन्हा मांडल्या. बापू उन्हात बसले होते. हिंगाची शिशी नाकाखाली धरली. आज मी शिशीकडं न बघता त्यांच्याकडं बघत होते.

"बापू, काय येतंय?"

"येईना."

"काय येईना? वास येईना?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं, की इतकी शिकलेली पोरगी आणि हे काय विचारते. "वास यायलाय की गं. लय यायलाय. नाव येईना."

कापराला पुन्हा हात जोडले. मी विचारलं, हे कुठं असतं? "देवापाशी." नाव? "येईना." रॉकेलला म्हणाले, "कंदिलातलं." वेलदोड्याला आईला हाक मारली आणि मी विचारलं तर म्हणाले, "ती घालायची की. गोडात." तुपाचा थेंब त्यांनी हातावर चोळला, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्येच्यावर घर चालवलं मी. अन् बघ, येईना."

म्हणजे जुलैमध्येही वास येत होता. आबासाहेबांच्या तुपाचाही येत होता. ते 'येईना' म्हणाले आणि मी त्याच्या आधी 'वास' हा शब्द माझ्या पदरचा घातला. सहा महिने ते मला खरं तेच सांगत होते. मला दुसरं ऐकायचं होतं, कारण नाकातलं परत उगवतं.

वही काढली. 'वास येत नाही' यावर काट मारली. पुढं काय लिहावं ते कळलं नाही.

मग चौकात जाऊन किशनला फोन केला. म्हटलं, ये. त्यानं का म्हणून विचारलं नाही. "उद्या येतो, आक्का," म्हणाला.

८ फेब्रुवारी

औरंगाबादहून परत आलो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. इलाज नाही, हेही सांगितलं, तितक्याच सौम्य आवाजात. किशन 'मी म्हणलो होतो' असं एकदाही म्हणाला नाही. येताना गाडीत त्यानं बापूंचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. बापू त्याला बन्सीधर म्हणत होते आणि तो "व्हय दादा, व्हय" म्हणत होता. मला हे इतके दिवस का जमलं नाही?

१३ मार्च

लेख पाठवून दिला. कडूबाईच्या भावाच्या घराची हकिकत परवा तिच्याकडून नीट बसून ऐकली. पूर्ण ऐकली, मध्ये काही विचारलं नाही.

सुलाबाई म्हणतात, आताशा दुपारी बापू गप्प असतात आणि चारला ओट्यावर येऊन बसतात. आज मी लवकर आले. ते तिथंच होते. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी मान माझ्याकडं कलती केली.

"तुमच्या हाताला औशदाचा वास यायलाय."

"हो, कॉलेजातलं आहे."

"आमच्या पोरीच्या हाताला बी असाच येतो." आवाजात कौतुक मावत नव्हतं. "ती कालेजात मास्तरीण हाय. ससे हायेत तिच्याकडं. लय हुशार. रागीट हाय जराशी, पर जीव लावती."

मी मान हलवली.

"दिवस मावळायलाय, बाई. तुमी जावा आता घरी. तुमचा बाप वाट बघत आसंल."

"जाईन," मी म्हटलं. "घाई नाही."

"मग बसा. पोरगी येईलच आता. आली की च्या करील, घिऊन जावा."

मी बसले. दोघंही रस्त्याकडं बघत होतो. कॉलेज सुटून मुली सायकलींवरून गेल्या, भाजीची गाडी गेली. बापू दर वेळी थोडे पुढं वाकून बघत आणि परत टेकत. रस्त्यावरचे दिवे लागले तरी ती आली नाही.